पाळीवरची उलटी फेरी

लेक नागपूरला शिकायला गेली आणि तिची जाड टायरची, गेअरवाली सायकल माझ्या वाट्याला आली. सायकल डोंगरात चालवायची, आणि आम्हा गोंदियाकरांना डोंगर पाहायचा तर पार कचारगडाकडे जावं लागतं. रोज तेवढं कोण जाणार? म्हणून डोंगराची हौस मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, भागवायचं ठरवलं.

मुर्रीकडे निघालं की कडेला एक जुना तलाव आहे. आता त्याच्याभोवती उद्यान झालंय. फाटक आहे, बाकडी आहेत, व्यायामाची लोखंडी यंत्रं आहेत आणि त्यांच्यावर लोक स्वेटर काढून ठेवतात. पाळीवरून तलावाला वळसा घालणारी मातीची वाट मात्र जुनीच राहिली, मुळांची आणि खड्ड्यांची. तीच चालणाऱ्यांची, तीच कुत्र्यांची आणि तीच माझी. सांडव्याजवळ ही वाट एकदम खाली उतरते. तो उतार म्हणजे माझ्या दिवसातली सगळ्यात मोठी चैन. ब्रेक सोडायचा, मुळांवरून दणादण उडायचं आणि पोटाची लाज बाळगायची नाही. पंचेचाळिशीतल्या माणसाला आणखी काय हवं असतं?

पण तो उतार उलट्या बाजूनं आलं तरच उतार होता. सुलट गेलं की तोच चढ. त्या चढावर मी एकदा सायकलीसकट मागे घरंगळत आलो होतो आणि दोन कुत्री बाजूला सरकून पाहत बसली होती.

सुलट आणि उलट हे ठरवलं मातामायनं. उताराच्या माथ्यावर, पाण्याच्या अंगाला, कडुलिंबाखाली या देवीचा शेंदूर माखलेला दगड आहे. फिरताना तो उजव्या हाताला राहिला पाहिजे, म्हणून सगळे एकाच दिशेनं फिरतात. चरायला आलेल्या म्हशीसुद्धा त्याच दिशेनं जातात, असं मला तेव्हा सांगण्यात आलं.

सांगणाऱ्या होत्या एक काकू. अर्जुनी मोरगावकडच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. साडीवर पांढरे बूट, हातात छत्री आणि चाल अशी की त्यांच्या पुढे जायची कोणाची टाप नव्हती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी छत्री आडवी धरून मला थांबवलं.

“काऊन जी भाऊ, आंधळे आहा का? अख्खी दुनिया इकडून जाऊन राहिली, अन् तुमी तिकडून येऊन राहिले!”

“काकू, तुमच्या बाजूनं चढ लागते.”

“मंग चढा! पोट कायले वाढवलं?”

आजूबाजूचे सगळे पोट धरून हसले. काकूंनी लगेच जाहीर केलं की रविवारी सगळे बसून ठरवतील, सायकल आत येऊ द्यायची की नाही. बसणार सगळे असले तरी ठरवणार कोण, हे मला कळत होतं. घरी गेलो तर चहा गोड लागेना. एवढ्याशा उताराचा मला इतका लोभ सुटला होता.

शनिवारी मात्र वेगळंच झालं. मातामायपाशी काकू थांबल्या, आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “आमचे हे कोठी आहेत जी?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काकूंचे यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले, सडपातळ, मवाळ. दोघं फाटकातून सोबत आत यायचे. मग काकू सुसाट पुढे आणि काका मागे कुठेतरी. एकाच दिशेनं चालणाऱ्या माणसाला फक्त पुढच्याची पाठ दिसते. मला मात्र सगळ्यांची तोंडं दिसायची, काकांचंही.

“मागच्या फेरीले खाली, सांडव्यापाशी होते. येऊन राहिले,” मी म्हणालो.

“चालून राहिले का बसून?”

“चालून, चालून.”

रविवारी काकूंनी निकाल दिला. सायकल राहील आणि उलटीच फिरेल. मातामायला काय सांगायचं ते त्या सांगतील. कारण विचारायची कोणाची छाती झाली नाही.

तेव्हापासून मी निरोप्या झालो. “त्यायले सांगजा, हात हालवून चाला,” काकू सांगायच्या. “तिले सांग, माहे हात दुखून राहिले,” काका खालून पाठवायचे. वर पोचेपर्यंत मी त्याचं “बरं म्हणाले” एवढं करून टाकायचो. त्या दोघांचा संसार माझ्यामुळेच सुरळीत चाललाय, असंही मला वाटू लागलं.

काका चालत नव्हते, हे एव्हाना सांगायला नकोच. चढाच्या पायथ्याशी उद्यानाच्या भिंतीला एक भगदाड आहे. त्यातून आलूबोंडेवाल्याचा हात आत यायचा आणि काका मुळावर बसून निवांत खायचे. “अपनी बात अपने तक, समझ गये ना?” ते मला म्हणायचे. मला पुरतं समजत होतं. काकूंना कळलं असतं तर त्यांनी काकांना बखोटीला धरून सोबत नेलं असतं, आणि मग ना निरोप, ना माझा उतार.

दिवाळीनंतरची एक सकाळ. थंडी चांगलीच पडली होती. मातामायपाशी काकूंना “येऊन राहिले” म्हणालो आणि उतार घेतला. खाली काका मुळावर बसलेले. हातात आलूबोंडा नव्हता. त्या थंडीत कपाळावर घाम, आणि एक हात छातीवर.

“जरा दम लागून राहिला,” ते म्हणाले. “तिले नोको सांगू. तिची फेरी तुटते.”

मी भगदाडातून आलूबोंडेवाल्याला हाक मारली, त्याला आत घेतलं, काकांपाशी बसवलं. मग सायकल वळवली. तलावाला पूर्ण वळसा घालण्याइतका वेळ नव्हता, म्हणून समोरचाच चढ धरला. तो चढ मी कसा चढलो, कोणता गेअर टाकला, काही आठवत नाही.

काकू मातामायच्या थोड्या पुढे गेल्या होत्या. मी घंटी वाजवली. त्यांनी वळून पाहिलं आणि मला सुलट दिशेनं, मागून येताना पाहिलं. मला एक शब्दही बोलावा लागला नाही. छत्री तिथेच टाकून त्या उलट्या दिशेनं धावत सुटल्या. मातामाय डाव्या हाताला राहिली, तिकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

काका वाचले. नागपूरला जाऊन आले, आता बरे आहेत. आलूबोंडा बंद झाला, त्याचं दुःख ते मला एकट्यालाच सांगतात. काकू आता त्यांचा दंड धरून, त्यांच्या चालीनं चालतात. चढाशी आले की दोघं थांबतात, दम घेतात, मग वर येतात. मी अजून उलटाच फिरतो आणि कोणी काही म्हणत नाही.

समोरून मी आलो की काकू छत्री आडवी धरतात. काका शेजारीच उभे असतात, त्यांचा दंड काकूंच्या मुठीत असतो. तरी त्या त्यांच्याकडे न पाहता मला विचारतात, “आमचे हे कोठी आहेत जी?”

“येऊन राहिले, काकू,” मी म्हणतो.