पोरं ऐकणार नाहीत

दिवसभर मोबाइलवर गेम खेळायचे आणि त्याचा पगार घ्यायचा, ही नोकरी माझ्या थोरल्या भावाला आजही खरी वाटत नाही. परभणीत एका हार्डवेअरच्या दुकानावर आमच्या ऑफिसच्या तीन खोल्या होत्या. पुण्याची एक कंपनी गेम बाजारात आणण्याआधी आमच्याकडे पाठवायची. तोच तो गेम शंभरदा खेळून त्यातल्या चुका हुडकायच्या, हे आमचं काम. मी त्रेचाळीस वर्षांचा, बिनलग्नाचा, कॉम्प्युटर क्लास बंद पडल्यावर तिथं चिकटलेलो. पंचविशीच्या आतली अकरा पोरं. आणि एक बाई. ताडकळसहून रोज एसटीनं यायची. नवऱ्याशी काडीमोड घेऊन माहेरी राहिलेली, सदतीस वर्षांची.

त्या महिन्यात बैलगाड्यांच्या शर्यतीचा गेम आला होता. पोरं आरडाओरडा करत एकमेकांना हरवत होती. ती मात्र गाडी कधी उभी करायची, कधी उलटी फिरवायची.

एक जण म्हणाला, “मॅडम, गाडी बाजाराला न्यायलात का? येताना कोथिंबीर आणा.”

सगळे हसले. मीही हसलो. मला हसू आलं नव्हतं, तरी हसलो.

“जिंकायला तुमी अकरा जण हायच की,” ती मोबाइलवरची नजर न काढता म्हणाली. “हारून बघायला बी कोणीतरी पायजे.”

चौथ्या दिवशी तिला तिसऱ्या वळणावरच्या कुंपणात फट सापडली. गाडी तिथं थांबवून मागं घेतली की बैल कुंपणातून आरपार जायचे आणि थेट शर्यत जिंकायचे. तिचं लहानपण शेळ्यांमागं गेलेलं. “जनावर नीट वाटेनं कवा जातंय?” एवढंच तिचं स्पष्टीकरण. अशा तीन मोठ्या चुका तिनं महिन्याभरात काढल्या. मग कोथिंबीर मागणारा पोरगाच हळू आवाजात म्हणायला लागला, “मॅडम, जरा माझ्याकडं बघा की, इथं काय व्हायलंय?”

संध्याकाळी मी तिला मोटारसायकलवर बसस्टँडला सोडायचो. ताडकळसची गाडी लागली की ती म्हणायची, “हिला लय गर्दी हाय, पुढच्या गाडीनं जाते.” गाडीत निम्म्या सीटा रिकाम्या असायच्या. आम्ही दोघंही तिकडं बघायचो नाही.

पुण्याशी बोलायला एक टीम लीडर नेमायचा ठरला, तेव्हा मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

“कामात तर मॅडमच. पण पोरं त्यांचं ऐकतील का हो? तुमी रोज त्यांच्यात बसताव.”

खरं उत्तर मला माहीत होतं. मी म्हणालो, “पोरं ऐकणार नाहीत.” आणि कुणी विचारलं नसताना पुढं जोडलं, “शिवाय रोजचं एसटीचं येणंजाणं. त्यांना झेपायचं नाही.”

पोरांच्या टोमण्यांतून तिला वाचवलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खोटं होतं. तिला लग्नाचं विचारायचं माझ्या मनात होतं, आणि जिला विचारायचं तिच्या हाताखाली बसायची मला लाज वाटत होती. इतकंच.

दुसऱ्या दिवशी मी टीम लीडर झालो. संध्याकाळी स्टँडवर तिनं विचारलं, “शेठनी तुमाला इचारलं म्हणं. काय सांगितलंत?”

“तुमचंच नाव सांगितलं. त्यांनी मानलं नाही.”

तिनं समोरची गाडी जाऊ दिली. मी तेवढ्यात लग्नाचं विचारून टाकलं. त्याच खोट्याच्या धीरावर.

ती म्हणाली, “पयल्या नवऱ्यानं माझ्या कामाला कवा चांगलं म्हणलं न्हाई. तुमी म्हणलात, ते बी माझ्या माघारी.” हा तिचा होकार होता.

लग्नानंतर तिनं नोकरी सोडली. नवरा साहेब आणि बायको हाताखाली, लोक काय म्हणतील, असं तीच म्हणाली. मी थांबवलं नाही. घरी माझ्या मोबाइलवर सहज खेळता खेळता ती चुका दाखवायची. मी त्या माझ्या नावानं पुण्याला पाठवायचो. चार वर्षं.

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या त्या कंपनीला घरून काम करणारी माणसं हवी होती. ती मेथी निवडत म्हणाली, “तवा शेठपाशी माझ्यासाठी बोललात, तसं ह्यांच्याकडं बी शब्द टाका की.”

तेव्हा मला ते खोटं पुढं रेटता आलं नाही. केबिनमधली दोन्ही वाक्यं मी तिला जशीच्या तशी सांगितली.

तिचे हात थांबले. “पोरं खरंच ऐकली नसती का?”

“ऐकली असती. ऐकतच होती.”

“मग ऐकायचं नव्हतं ते तुमाला,” ती म्हणाली आणि मेथी तशीच टाकून उठली.

अकरा दिवस ती कामापुरतं बोलली. बाराव्या दिवशी लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. “शिफारस लिवा. मी काय काय हुडकलं ते समदं. तुमच्या नावानं धाडलेलं बी.”

मी ‘माझी पत्नी’ अशी सुरुवात केली. तिनं वाचलं. “पत्नी काढा. कामाचं लिवा.”

मी काढलं. चार वर्षांची यादी केली, कुणाच्या नावानं काय गेलं तेही लिहिलं. पत्र तिनंच पाठवलं. तिला काम मिळालं. कंपनीच्या सांगण्यावरून माझं टीम लीडरपद काढलं गेलं, आणि पोरांना का ते कळलं.

पूर्वी पाहुण्यांना ती कौतुकानं सांगायची, ह्यांना होकार का दिला ते. आता सांगत नाही. परवा तिच्या राणीसावरगावच्या मावशीनं नव्या सुनेला ऐकवायला म्हणून मुद्दाम विषय काढला, तर ती म्हणाली, “ह्यांनाच इचारा, मावशी.”

मावशी आणि सून माझ्याकडं बघत राहिल्या. मी चहा ठेवतो म्हणून आत गेलो. इथं इतकं लिहितोय, पण त्या दोघींसमोर मला एक वाक्य बोलता आलं नाही.