पोळ्याच्या सकाळी पडलेली वेस

इतक्या वर्षांच्या नोकरीतले खून-दरोडे आता आठवत नाहीत. एका पोळ्याला पडलेली वेस मात्र डोळ्यांपुढून हलत नाही.

बाळापूरकडच्या एका गावात मी ठाणेदार होतो. गावाची दगडी वेस पुरातन होती आणि शेजारी सरकारी निळा फलक होता : संरक्षित स्मारक, हात लावाल तर गुन्हा. दरवर्षी पोळ्याचं तोरण याच वेशीला बांधत. कमानीखाली बैल उभे राहत, भोवती पोरंसोरं.

त्या दिवशी सकाळी सारं गाव बैल धुवायला नदीवर गेलेलं. पोलीस पाटलाचा फोन आला, "साहेब, वेस पाडली कोनंतरी! खांबाले साखळीचे वळ हायेत."

पंचनामा केला. गावाचा संशय रेतीच्या ठेकेदारावर, कारण त्याच्या ट्रकांना वेस आड यायची. त्याला बोलावून उलटसुलट विचारलं. पण त्याचं जेसीबी यंत्र आणि ट्रक रेतीच्या गुन्ह्यात आधीपासूनच आमच्या आवारात जप्त होते. आमचं हसं झालं.

संध्याकाळी शाळेपुढे बांबू रोवून तोरण बांधलं. बंदोबस्ताला मी उभा होतो. मीही कास्तकाराचा पोरगा. आदल्या सायंकाळी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात आणि मग पोळा होईपर्यंत त्यावर जू ठेवणं म्हणजे पाप, हे मला कोणी शिकवायला नको होतं. वेशीला लागून घर असलेल्या एका म्हाताऱ्या फूलवाल्या माळ्याच्या बैलजोडीकडे नजर गेली. हळदीखाली खांदे ताजे सोललेले होते.

"बाबा, आज बैल जुंपले?"

त्याने क्षणभर बैलाच्या पाठीवर हात फिरवला. मग सगळ्यांदेखत म्हणाला, "हो साहेब, साखळी लावून मीच पाडली. खांब सरकून रायला होता. सरपंचाले सांगतलं, हापिसात सांगतलं. कोनी आयकलं नाई. आज त्याच्याखाली सारे पोट्टे उभे रायले असते."

दुसऱ्या दिवशी दगड तपासले. खांबाचा पाया आतून पोकळ झालेला. तो खोटं बोलत नव्हता. तरी गुन्हा नोंदवावाच लागला. दोषारोपपत्रात मी पायाची अवस्था सविस्तर लिहिली, न्यायालयाने किरकोळ दंडावर सोडलं. मला वाटलं, मिटलं.

पुढच्या पोळ्याला पुन्हा बंदोबस्ताला गेलो. तोरणाखाली त्याची जोडी नव्हती. विचारलं, तर पोलीस पाटील म्हणाला, "वेस पाडली थे माफ हाय साहेब. पन पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू? त्याले कोन उभं करन?"

मी त्याच्या घरी गेलो. सजवलेले बैल अंगणात बांधलेले होते. त्यांना पुरणपोळीचा घास तो एकटाच भरवत होता. कायद्याची शिक्षा मी कमी करू शकलो होतो. गावाच्या शिक्षेला अपील नसतं, हे मी त्या अंगणात शिकलो.

"बाबा, वाईट वाटते का?"

"बैलायचं वाटते. त्याईचा काय गुन्हा?"

तेवढ्यात तिकडे तोरण तुटून पोळा फुटला. पोरांचा एकच गलका उठला. म्हातारा घास हातात धरून ऐकत राहिला.

"सारे पोट्टे हायेत ना साहेब?" त्याने विचारलं.

"सारे आहेत," मी म्हणालो.