पत्र्याचा सूर्य

कलाकारांनी हवामानासाठी काहीतरी केलं पाहिजे, असं आम्हाला एका उन्हाळ्यात वाटलं. तेव्हापासून आम्ही करतोच आहोत. हवामानात काही फरक पडलेला नाही, पण आमच्या फजित्यांचा साठा एवढा झालाय की चहाला बसलं की कुणीतरी "ते तलवाड्याचं सांगा" म्हणतं आणि चहा गार होतो.

मंडळी तीनच. मी बीडच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. गफूरचं वेल्डिंगचं दुकान आहे, पण तो स्वतःला शिल्पकार म्हणवतो, आणि आहेही. शीलाताई कॉलेजात मराठी शिकवतात आणि पथनाट्यं लिहितात. ती करणार कोण, हा प्रश्न त्यांना कधी पडत नाही. आम्ही दोघं आहोतच.

*

पहिलं काम भिंतीचं. एका वस्तीत समाजमंदिराची लांबलचक भिंत मिळाली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत 'पाणी वाचवा' लिहायचं आणि भोवती चित्र काढायचं. भिंतीवर धुळीचा थर होता, रंग धरेना. मी म्हणालो, आधी धुऊन घेऊ. मे महिना होता. गफूरनं ओळखीतला टँकर बोलावला.

टँकर गल्लीत शिरला तशा बायका घागरी, बादल्या, ड्रम घेऊन मागं रांगेत उभ्या राहिल्या. पाईप माझ्या हातात. पुढच्या मावशींनी विचारलं, पाण्याचं काय करणार? भिंत धुणार, म्हणालो. कशाला? तर वर पाणी वाचवा म्हणून लिहायचंय.

त्यांनी हातातली रिकामी घागर पुढं केली. मी पाईप त्यांच्या हातात दिला.

चित्र धुळीवरच काढलं. पुढच्या उन्हाळ्याच्या आत पोपडे निघाले. 'पाणी' आधी गेलं. नुसतं 'वाचवा' राहिलंय, ते अजून आहे.

*

मग गफूरनं मांजरसुंब्याच्या एका ढाब्यासमोर प्लास्टिकच्या बाटल्यांचं झाड उभं केलं. लोखंडी सळ्यांचं खोड, त्याला रिकाम्या बाटल्यांची पानं. ढाब्यावरच्या सगळ्या बाटल्या गोळा केल्या तरी शेंडा उघडाच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रकार येणार होता. गफूरनं ढाब्यावरूनच पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांचे बॉक्स घेतले आणि आम्ही दोघं प्यायला बसलो. पर्यावरणासाठी मी एवढं पाणी आजवर कधी प्यायलो नाही.

पत्रकारानं विचारलं, हे कशापासून बनवलंय? शीलाताईंनी अभिमानानं सांगितलं, सगळं टाकाऊपासून.

गफूरला खोटं सहन होत नाही. तो म्हणाला, "शेंडा ताजा हाय."

*

तलवाड्याचं असं झालं. शीलाताईंचं नवीन पथनाट्य उन्हाच्या तडाख्यावर होतं. त्यात सूर्य हे मुख्य पात्र. गफूरनं स्वतःसाठी पत्र्याचा गोल सूर्य बनवला, भोवती किरणं, मधल्या भोकातून चेहरा बाहेर. दिसायचा भारी.

बाजाराचा दिवस गाठायचा म्हणून प्रयोग भर दुपारी. एप्रिल. लोक सगळे लिंबाच्या सावलीत बसले आणि आम्ही समोर उघड्यावर, कारण शीलाताईंचं म्हणणं पडलं की ऊन हेसुद्धा एक पात्रच आहे.

गफूर पुढं आला. "मानवा, मी तापलोय, आता मला कुणी अडवणार नाही," असं गरजला आणि खाली बसला. मग आडवा झाला. संहितेत तसं काही नव्हतं. लोकांना वाटलं सूर्य मावळला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

एक म्हातारी तेवढी उठून आली. तिनं आम्हाला पत्रा काढायला लावला. त्याला हात लावला तर चटका बसला. तिनं कांदा फोडून गफूरच्या नाकाशी धरला, पदर भिजवून कपाळावर ठेवला आणि मला विचारलं, ह्यो कोण? माझ्या तोंडून गेलं, सूर्य.

"मग सूर्यालाच ऊन लागलं म्हना की," ती म्हणाली.

गफूरनं डोळे उघडले. पहिला प्रश्न मला. "टाळ्या पडल्या का बे?"

*

माझ्या चित्रांचं प्रदर्शन एकदाच भरलं. त्यात बिंदुसरेचं मोठं चित्र होतं, उन्हाळ्यातली कोरडी नदी. उद्घाटनाला आलेले पुढारी त्याच्यासमोर बराच वेळ थांबले. मला भरून आलं.

ते म्हणाले, रस्ता चांगला झालाय, कोणत्या गावचा?

मी सांगितलं, साहेब, ही नदी आहे. त्यांनी वाकून पुन्हा बघितलं आणि मला समजावलं की मग पूल काढायला पाहिजे होता, म्हणजे कळलं असतं.

तेव्हापासून नदी काढायची झाली की मी आधी पूल काढतो.

*

एक वर्ष असं गेलं की पेरणीला पाऊस आला नाही, आणि काढणीला आला तो हटेचना. ओढ्याकाठची रानं खरवडून गेली. शीलाताईंनी त्यावर नाटक लिहिलं, पावसावरच्या खटल्याचं. गफूर न्यायाधीश. मी पाऊस, अंगाला निळा रंग फासून, हाताला साखळी बांधून.

नारायणगडाजवळच्या एका गावात पारासमोर प्रयोग लागला. दिवस मावळायचा होता. गफूरनं विचारलं, कुणाला आरोपीला काही विचारायचंय का? इथं शीलाताई शेतकरीण होऊन प्रेक्षकांतून उठायच्या. त्यांच्या आधीच एक माणूस उठला. खांद्यावर टॉवेल, साठीच्या आसपासचा. त्याच्या रानातलं सोयाबीन मातीसकट वाहून गेलंय, खाली नुसती खडी उरलीय, हे आम्हाला नंतर कळलं. गफूर त्याला थांबवायला निघाला. शीलाताईंनी खुणेनं नको म्हटलं.

तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"मिरगात कुठं गेलतास?"

मी हातातली साखळी सावरली.

"पेरलं तवा आला न्हाईस. दुबार पेरलं तवाबी न्हाई. पीक घरात यायच्या टायमाला आलास अन् हटला न्हाईस. पीक नेलं ते नेलं. माती कावून नेलीस?"

पावसाचं उत्तर लिहिलेलं होतं. तुम्ही झाडं तोडली, धूर केला, माझी वाट बिघडवली, असं मोठं भाषण. नाटकातली माझी सगळ्यात भारी जागा. पाठ होतं. त्याच्या तोंडाकडं बघत मला ते म्हणता येईना.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

पारावर कुणी हसलं नाही. घामानं माझा निळा रंग डोळ्यांत उतरायला लागला होता. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातात दिला.

"पुढल्या साली येळंवर ये," तो म्हणाला. "अन् दमानं ये."