शटरला दोन कुलपं

काका आणि लांबकाका यांनी भागीदारीत किल्ल्या बनवायचं दुकान काढलं, तेव्हा दोस्तीत धंदा आणू नका असं सगळ्यांनी बजावलं होतं. दोघांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी यंत्र विकत आणलं. लांबकाका आमचे नात्याने कोणी नव्हते. काकांचे शाळेपासूनचे मित्र, आणि आमच्या दारातून वाकून यावं लागे म्हणून लांबकाका. आमच्याकडे ते इतके पडीक असत, की काकू स्वयंपाकाचं माप त्यांना धरूनच घ्यायची.

दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. भिंतीवर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या, ते यंत्र, चार कानशी आणि दोन स्टुलं. नियम एकच होता: मालकाने स्वतः सांगितल्याशिवाय कुणाच्या कुलपाला हात लावायचा नाही. बाकी सगळ्या बाबतीत दोघंही गबाळे होते.

तो एकुलता एक नियम काकांनी मोडला. एका गिऱ्हाइकाची बायको बहिणीकडे गेली होती आणि त्याला तिचं कपाट उघडून हवं होतं. घरातलंच तर कपाट, म्हणून काकांनी उघडून दिलं. ती परत आल्यावर दुकानात येऊन जे काही बोलली ते लांबकाकांना ऐकून घ्यावं लागलं, कारण काका नेमके चहाला गेले होते. संध्याकाळी लांबकाकांनी काकांच्या कुलपाशेजारी शटरला आपलं एक कुलूप लावलं. दोघं असू तेव्हाच यापुढे दुकान उघडेल, एवढंच म्हणाले.

त्यानंतर दोन वर्षं दोघं रोज मिळून शटर उघडत, मिळून लावत आणि मधल्या वेळात एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. कानस हवी असली तर गिऱ्हाइकाला सांगत, त्यांना म्हणावं कानस द्या. लांबकाकांनी आमच्याकडचं येणंही सोडलं. काकूचं माप मात्र बदललं नाही. उरलेलं काका मुकाट्याने संपवत आणि त्यांचं पोट सुटत गेलं.

मग लांबकाका घराच्या पायऱ्यांवरून पडले आणि पाय मोडून दवाखान्यात पोचले. काका रोज सकाळी दुकानावर जात, आपलं कुलूप काढत, दुसऱ्या कुलपाकडे बघत पायरीवर बसून राहत आणि संध्याकाळी आपलं कुलूप परत लावून घरी येत. अर्ध्या गावाची कुलपं तारेने उघडलेला हा माणूस! गिऱ्हाइकं कोपऱ्यावरच्या नव्या दुकानाकडे वळली. आणखी महिनाभर असंच चाललं तर धंदा बुडणार, हे मलासुद्धा कळत होतं. काकूने परोपरीने सांगून पाहिलं. काकांचं उत्तर ठरलेलं, त्याचं कुलूप आहे. मला त्यांचा भयंकर राग यायचा आणि, खरं सांगते, रडूही यायचं.

शेवटी काकूने त्यांना जवळजवळ ढकलतच दवाखान्यात नेलं. मीही बरोबर गेले. लांबकाकांना पलंग आखूड पडत होता, धड पायही बाहेर आला होता. काका उभेच राहिले. तब्येत वगैरे काही विचारलं नाही.

"तुझं कुलूप उघडू का?" ते पंख्याकडे बघत म्हणाले.

"म्हणजे अजून दुकान बंदच आहे?"

"तुला विचारलं नव्हतं ना."

"मालकाला विचारायचं असतं," लांबकाका म्हणाले. "तू मालक नाहीस का?"

"तू कुलूप लावलंस तेव्हापासून मला वाटलं, नाही."

काकूने तोंड फिरवून डोळ्यांना पदर लावला. लांबकाकांनी चाचपडत उशीखालून किल्ली काढली आणि पुढे धरली. काकांनी ती घेतली नाही.

"किल्ली राहू दे," ते म्हणाले. "तू सांग उघड म्हणून. मी तारेने उघडतो."

"उघड," लांबकाका म्हणाले. "आणि परत लावू नकोस."