शास्त्रावर ठेवलेले हात

आमच्या अहमदपूरच्या चर्चमध्ये मी दर शनिवारी एक वर्ग घेते. शाळेतून निवृत्त झाल्यावर घरात बसून सुनेच्या वरणाला नावं ठेवण्यापेक्षा हे बरं, असं सुनेचंच मत पडलं. वर्गाचा विषय असा, की आपल्या ख्रिस्ती पोरापोरींना उद्या गावच्या कारभारात शिरायचं असेल तर तयारी काय हवी. आमची वस्ती लहान. मतदानाच्या दिवशी आम्ही सगळ्यांना आठवतो आणि दुसऱ्या दिवशी कुणालाच नाही. म्हणून आपलं कुणीतरी उभं राहावं, आणि राहील ते नीट राहावं, एवढीच माझी हौस होती.

वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी माझी भाचीच निघाली. भावाची लेक, माहेर उमरीचं, लग्न होऊन आमच्याच गल्लीत आलेली. बायबलातल्या, सिंहांच्या गुहेत टाकलेल्या दानीएलचा धडा चालला होता तेव्हा बाकीचे सगळे सिंह कधी येतात याची वाट बघत बसले होते. हिने मध्येच विचारलं, "आत्या, सिंह तर लई उशिरा आले. त्याच्या आधी पोरवयात त्यानं राजाच्या ताटातलं खायला नको म्हटलं, खरी परीक्षा तीच न्हाई का?" मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

इस्राएल लोकांचा न्यायनिवाडा करणारा शमुवेलही तिला फार आवडायचा. म्हातारा झाल्यावर तो लोकांपुढे उभा राहतो आणि विचारतो, मी कुणाचा बैल घेतला, कुणाला नाडलं, आत्ता तोंडावर सांगा. बैलाचं नाव निघालं की आमच्याकडच्या पोरांना धडा वेगळा समजावून द्यावा लागत नाही. मोशेने आधी रानात मेंढरं राखली आणि मग देवाने त्याला माणसं राखायला दिली, हे मी सांगितलं तेव्हा ती हसून म्हणाली, "मग मला आधी काय राखायला देता?" मी तिला गल्लीची नाली दिली. थट्टा नाही करत. नाली तुंबली की नगरपालिकेत जायचं, साहेब जागेवर येईपर्यंत बसायचं, काम झाल्याशिवाय उठायचं नाही, आणि हे सगळं न ओरडता करायचं. तिने ते केलं. पुढे नळाचंही केलं. आमच्या गल्लीतल्या आणि शेजारच्या मुसलमान मोहल्ल्यातल्या बायका तिला शोधत येऊ लागल्या. नगरपालिकेची रखडलेली निवडणूक एकदाची लागली आणि आमचा वॉर्ड महिलांसाठी सुटला, तेव्हा तिने उभं राहायचं हे कुणी ठरवावंच लागलं नाही.

समोर बाजारातल्या एका लिंगायत व्यापाऱ्याच्या घरची सून होती. तीही बाई चांगली. अडीनडीला त्यांच्या घरची जीप कुणालाही मिळायची. त्यामुळे सामना अटीतटीचा झाला, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

आमच्या भागात मत पक्कं करायची एक जुनी रीत आहे. हातात बेलाचं पान आणि भंडारा, म्हणजे हळद, घ्यायची आणि देवाला साक्ष ठेवून बोलायचं की मत अमक्यालाच. याला भंडारा उचलणं म्हणतात. एकदा उचलला की माणूस फिरत नाही, कारण फिरला तर घरादाराला लागेल ही भीती. समोरच्यांनी दोन गल्ल्यांमध्ये भंडारा उचलून घेतला अशी बातमी आली. खरी का खोटी, देव जाणे. पण मतदानाच्या आदल्या रविवारी आमच्या चर्चमध्ये सगळ्यांचे चेहरे उतरलेले होते.

पाळकसाहेब एकटे आणि त्यांच्याकडे मंडळ्या, म्हणजे चर्चं, तीन, त्यामुळे आशीर्वाद देऊन ते लगेच नांदेडच्या रस्त्याला लागले. लोक उठायला लागले तेवढ्यात मंडळीच्या पंचांनी दार लावून घ्यायला सांगितलं. हे पंच म्हणजे आमच्या मंडळीतले वयाने आणि आवाजाने मोठे गृहस्थ. त्यांनी व्यासपीठावरचं मोठं बायबल उचललं आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटायच्या, मेजावर आणून ठेवलं.

"आपण काही भंडारा उचलीत न्हाई," ते म्हणाले. "पण आपल्याजवळ हे हाय. एकेक जण या, हात ठेवा, अन् मत आपल्या पोरीलाच म्हणून बोला."

मला वाटलं, माझ्या कानांचा काही घोटाळा झाला. पण लोक उठले आणि रांगेत उभे राहिले. प्रभुभोजनाला राहतात तसेच, डोक्यावरचा पदर सारखा करून, पायातल्या चपला काढून. एकाच्याही कपाळाला आठी नाही! आपल्या प्रभू येशूने डोंगरावर बसून साध्या भाषेत सांगितलंय की शपथ मुळीच वाहू नका, आणि इथे त्याच पुस्तकावर तळहात ठेवून शपथा चालल्या होत्या. मी भाचीकडे पाहिलं. ती मेजाच्या बाजूला उभी होती. ही आत्ता बोलेल, असं मला वाटत होतं. वर्गात सगळ्यांआधी बोलणारी पोरगी, इथे कशी गप्प बसेल?

रांगेत एक गरोदर बाई होती, आमच्याच गल्लीतली. तिची पाळी आली तेव्हा तिने हात मागे घेतला.

"मी समोरच्यांना हाव म्हणून शब्द देऊन बसले," ती हळूच म्हणाली. "सासूबाईला नांदेडच्या दवाखान्यात त्यांच्याच जीपनं नेलं. त्यांनी काही मागितलं न्हाई, मीच म्हटलं. आता कसं फिरू?"

"तिकडं दिलेल्या शब्दाचं काय घेऊन बसली," पंच म्हणाले. "हितं हात ठेव. अन् ध्यानात ठेव, जो फिरंल त्याच्या लेकराबाळाला लागंल."

देवाच्या घरात, पोटुशी बाईला, पोटातल्या लेकराचा धाक! त्या बाईचे डोळे भरून आले. तेवढ्यात भाची पुढे झाली. मी मनात म्हटलं, आली बाई माझी, सुटलो आपण.

भाचीने त्या बाईचं मनगट धरलं. अगदी मायेने धरलं, तेच तर वाईट. "काही होत न्हाई ताई," ती म्हणाली आणि तो हात तिने स्वतः बायबलवर नेऊन ठेवला.

शाळेत पस्तीस वर्षं ओरडले तेवढी त्या क्षणी ओरडले असेन. "उचल तो हात! तिचा शब्द तिचा आहे. तू कोण तो मोडायला लावणारी?" पंच माझ्याकडे असे पाहत होते की मीच काही विटाळ केला.

भाची शांतपणे म्हणाली, "आत्या, वर्गात ते समदं ठीक हाय. आता निवडणूक हाय."

गाढवापुढे वाचली गीता म्हणतात. पण ही गाढव नव्हती हो. हिला सगळा दानीएल कळला होता, सगळा शमुवेल कळला होता, आणि तरीही. मला राग आला असता तर सोसलं असतं. मला नुसता धक्का बसला होता. मग तिने बायबल माझ्याकडे थोडं सरकवलं आणि म्हणाली, "तुम्ही हात ठेवला तर बाकीच्यांचीही शंका जाईल."

"माझं मत तुला द्यायचं हे मी तू उभी राहायच्या आधीच ठरवलंय," मी म्हटलं. "त्यासाठी मी हात ठेवणार नाही. आणि या लेकराला बसू दे आता, तिला उभं राहवत नाही." मी त्या बाईला धरून बाकावर बसवलं, पाणी पाजलं आणि दार उघडून तिला घरी पोचवलं. आमच्या मागे रांग पुन्हा सुरू झाली, ते मला पायरीवर ऐकू आलं.

मतदानाच्या दिवशी मी सकाळीच गेले. फार विचार केला होता. नाली आणि नळ बघितले तर तिच्याइतकं काम करणारं वॉर्डात दुसरं कुणी नव्हतं, आणि मी तोंडाने सांगून बसले होते. मी तिच्याच चिन्हासमोरचं बटण दाबलं. मन आंबलेलं होतं, पण दाबलं.

ती निवडून आली. थोडक्यात, पण आली. निकालाच्या संध्याकाळी गल्लीत गुलाल उडाला, हलगी वाजली, पंचांनी पेढे वाटले. सगळं पांगल्यावर ती माझ्याकडे आली. केसांत गुलाल, घसा बसलेला. मी चहा टाकला. मला वाटलं, ही त्या रविवारचं काहीतरी बोलेल. निदान त्या बाईची चौकशी करील. ती कपाचा कान धरून बसली.

मग म्हणाली, "आत्या, एक विचारू? तुम्ही मला मत दिलं का?"

"होय," मी म्हटलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. हिला मी कडेवर खेळवलंय, अक्षरं गिरवायला शिकवलंय. जन्मात मी तिच्याशी खोटं बोललेले नाही आणि ते तिला माहीत होतं.

"शपथ?" ती म्हणाली.

शपथ मी वाहिली नाही. तिचा गार झालेला चहा पुन्हा गरम करायला ठेवला. तो उकळायच्या आत ती उठली, चप्पल घातली आणि गेली. मतदानाच्या दिवशी मी तिला मत दिलं नाही, असंच ती आजपर्यंत धरून आहे.