पापणीखालची कागदाची पट्टी

एका सकाळी मी चांगल्या औषधाचा अख्खा ट्रे नापास केला.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. चिंचवडजवळच्या एका लहानशा औषधाच्या कारखान्यात मी तपासणीच्या टेबलावर होतो. इंजेक्शनची कुपी दिव्यासमोर धरायची, मागे काळा पत्रा, आणि आत काही तरंगतंय का ते बघायचं. त्या सकाळी उचलीन त्या कुपीत एक बारीक तंतू. मी रुबाबात मुकादमांना हाक मारली, "सगळा माल खराब आहे!"

मुकादम चाकणकडचे. त्यांनी दोन-चार कुप्या उजेडात फिरवल्या, मग माझ्याकडे पाहिलं.

"राव, जरा डोळं मिचकावा."

मिचकावले. तंतू सरकून भलतीकडेच गेला.

"कुपीत काय न्हाई. तुमच्या डोळ्यात हाय."

टेबलावरचे सगळे हसले. मीही हसलो, पण लक्ष माझ्या खुर्चीकडे गेलं. गावाकडे मी 'बसून करायचं काम' असं ऐटीत सांगत असे. डोळे गेले की खुर्ची गेली, आणि पुन्हा पूर्वीसारखी पाठीवर खोकी.

मुकादमांनी पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धाडलं. डॉक्टरांनी टीपकागदाच्या दोन चिंचोळ्या पट्ट्या घेतल्या, टोकाला दुमडून माझ्या खालच्या पापण्यांत अडकवल्या आणि घड्याळ बघत बसले. पाच मिनिटांत कागद किती भिजतो, त्यावरून म्हणे डोळ्यातलं पाणी कळतं. दोन्ही डोळ्यांतून कागद लोंबतोय आणि मी पोळ्याच्या बैलासारखा सजून बसलोय. कागद जेमतेम टोकाला ओला झाला.

"विडी ओढता?"

"अधूनमधून."

त्यांनी माझी पिवळी बोटं पाहिली. "डोळ्यावर पाण्याचा पातळ थर असतो. धुरानं तो टिकत नाही आणि डोळ्यात चिकट तंतू साचतात, असा माझा दाट संशय आहे. पंधरा दिवस विडी बंद. मग पुन्हा मोजू."

विडीबंडल मी बायकोच्या हवाली केलं. तिनं ते डाळीच्या डब्यात लपवलं. संध्याकाळपर्यंत घरातला प्रत्येक डबा मला तोंडपाठ झाला होता. मग तिनं जागा बदलली, मग मी शोधली, मग तिनं लपवणंच सोडलं. हात माझाच होता, पण माझं ऐकत नव्हता.

ठरल्या दिवशी दवाखान्याबाहेर छातीत धडधड व्हायला लागली. ती घालवायला काय केलं असेल ते सांगायला नको. भिंतीच्या आडोशाला वारा फिरला आणि सगळा धूर डोळ्यांत. आत गेलो तेव्हा डोळे वाहत होते. पट्टी शेवटपर्यंत भिजली! मनात म्हटलं, सुटलो.

डॉक्टरांनी नुसता वास घेतला.

"हे पाणी धूर धुऊन काढायला आलंय. चिलट गेलं असतं तरी आलं असतं. बसा बाहेर."

अर्धा तास बाकावर बसवून त्यांनी पुन्हा पट्टी लावली. कागद पहिल्यासारखाच, जेमतेम टोकाला ओला.

"मी फक्त मोजू शकतो," ते म्हणाले. "सोडणं माझ्या हातात नाही."

"माझ्याही नाही, डॉक्टरसाहेब."

मला वाटलं ते हसतील. हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुकादमांनी मला खोकी वाहण्यावर घातलं. वाईट तेही बोलले नाहीत. "डोळं सुधारलं की या परत, राव," एवढंच. सुधारायचे कसे, ते दोघांनाही ठाऊक होतं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. आमची एकच खोली. सांगता सांगता मी भिंतीला टेकलो आणि कधी विडी पेटवली, मला कळलंही नाही. ती तांदूळ निवडत होती. पदरानं डोळे चोळून तिनं पुन्हा सुपात पाहिलं.

"अहो, तुमचे डोळे मोजायला पुण्याला डॉक्टर तरी आहे," ती म्हणाली. "या खोलीत तोच धूर मी पण खाते. माझे कोण मोजणार?"