टाचणीने सुट्टीत काय केलं

माझ्या धाकट्या बहिणीला आम्ही घरात टाचणी म्हणतो. लहानपणी काडीसारखी होती आणि तोंड उघडलं की टोचायची, म्हणून. आता काडी राहिली नाही, टोचणं तेवढं राहिलंय. बावीस वर्षं ती एका शाळेचं ऑफिस चालवते. तेवढ्या काळात पाच मुख्याध्यापक आले आणि गेले, टाचणी तिथंच आहे. कुठल्या वर्गाचा पंखा बंद पडलाय, कुठल्या मुलीचा दाखला कुठल्या कपाटात आहे, कोणाला न्यायला आजी येते आणि कोणाला शेजारीण, सगळं हिच्या डोक्यात. अशी बाई दुसरीकडे कुठं असेल तर मला आणून दाखवा.

मी स्वतः आठवीपर्यंत शिकलो. गेट, ग्रिल आणि जिने बनवतो. त्या शाळेचं मोठं गेट माझ्या हातचं आहे. अठरा वर्षं झाली, एक सळई वाकलेली दाखवा. बायको म्हणते, तुमच्या प्रत्येक गोष्टीत ते गेट येतंच. येतं, कारण ते तिथं उभं आहे.

तर या उन्हाळ्यात टाचणीने जाहीर केलं की यंदा पूर्ण सुट्टी घेणार. दरवर्षी मुलं घरी जातात आणि ही निकाल, दाखले, कपाटं करत बसते. यंदा सहा आठवडे शाळेचं तोंड बघणार नव्हती. माझ्या वर्कशॉपच्या वरच्या दोन खोल्यांत ती राहते. तिथं भिंतीवर तिने सुट्टीचं वेळापत्रक लावलं. सकाळी सहा ते सात चालणं. आठ ते नऊ पोहणं. दहा ते बारा कादंबरी. दोन ते तीन आराम.

बायको ते वाचून म्हणाली, "आरामालाही घंटा लावणार का गं?"

"लावलीय," टाचणी म्हणाली आणि फोन दाखवला. खरोखर लावली होती.

हा आराम तीन दिवस टिकला. चौथ्या दिवशी दुपारी दोन वाजता, म्हणजे ऐन आरामाच्या वेळेला, ती जिना उतरून वर्कशॉपमध्ये आली. मी वेल्डिंग थांबवलं, तोंडावरची काच वर केली.

"दादा, मुख्याध्यापकांचा फोन होता. नव्या वर्षापासून प्रवेश, हजेरी, पालकांची पत्रं, सगळं वेबवर जाणार. एक कंपनी ते करणार. तिचा माणूस ऑफिसात बसणार."

"बसू दे की. तू शेजारी बस."

"शेजारी नाही. मला पुस्तकांच्या खोलीत पाठवतायत. मग शाळा समितीचे अध्यक्षच फोनवर आले, म्हणाले, खूप वर्षं राबलात, आता जरा निवांत बसा."

माझं डोकंच फिरलं. "कुठं राहतो हा अध्यक्ष? मी येतो."

"तू कुठंही येणार नाहीस. मी त्यांना विचारलं, हे सगळं मीच करून दाखवलं तर? ते हसले. म्हणाले, सुट्टीच्या शेवटच्या शनिवारी समिती बसणार आहे. कंपनीवाला त्याचं दाखवेल, तुम्ही तुमचं दाखवा."

"आणि तुला त्यातलं काय येतं?"

"पत्र टाइप करता येतं."

एवढं बोलून ती वर गेली. मी ग्रिल बाजूला ठेवली आणि तसाच बसून राहिलो. कारण ज्या खुर्चीतून तिला उठवत होते, ती खुर्ची कुठली आहे ते मला माहीत होतं.

आमचे आई-वडील एकाच वर्षात गेले. मी चौदाचा, ही सातची. मी शाळा सोडून लोखंडाच्या कामाला लागलो आणि हिला शाळेत घालायला घेऊन गेलो, याच शाळेत. ऑफिसात एक टकले हेडक्लार्क होते, लोखंडी खुर्चीत बसलेले. म्हणाले, "वडिलांना पाठव." मी म्हटलं, "वडील नाहीत. हिला मीच आणलंय." त्यांनी माझ्याकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं. मग पट्टी घेतली, फॉर्मवरच्या 'वडील' या शब्दावर सरळ रेघ मारली, वर लाल पेन्सिलीने लिहिलं 'थोरला भाऊ', आणि फॉर्म माझ्याकडे फिरवला. "कर सही." सही म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा काही लिहिलं असेल तर ते तिथं. तेव्हा टाचणीने ती खुर्ची बघून ठेवली. पुढे शिकली, परीक्षा दिली, लग्न केलं नाही. का ते विचारायची माझी हिंमत नाही, आणि माझी हिंमत होत नाही अशी जगात ही एकच गोष्ट आहे. शेवटी त्याच खुर्चीत जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी वेळापत्रकावर नवा कागद चिकटवलेला. चालणं गेलं, कादंबरी गेली, आराम गेला. पोहणं ठेवलं. म्हणाली, पाण्यात डोकं थंड राहतं. बाकी सकाळी नऊपासून दिवे लागेपर्यंत लॅपटॉप.

ती घरबसल्या वेबवरचे धडे बघायची. धड्यातला माणूस भरभर बोलायचा. ही त्याला थांबवायची, मागं न्यायची, पुन्हा ऐकायची आणि वहीत लिहून घ्यायची. 'उजवीकडे वर तीन टिंबं. तिथं क्लिक. मग तिसरी ओळ.' लाल शाईत: 'दुसरी ओळ दाबू नये.' अशा तीन वह्या भरल्या. ऑनलाइन फॉर्म कसा बनवायचा, भरलेली माहिती आपोआप तक्त्यात कशी जाते, पालकांना एकदम पत्र कसं पाठवायचं, शाळेचं वेबपान कसं उभं करायचं. मी चहा घेऊन वर जायचो तर वर न बघता म्हणायची, "ठेव. बोलू नकोस."

तिसऱ्या आठवड्यात तिने ती दुसरी ओळ दाबलीच. दहा दिवसांचा तक्ता साफ. बायकोला वाटलं आता रडेल. टाचणी उठली, टॉवेल घेतला, पोहून आली आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं. या वेळी तक्ता दोन ठिकाणी साठवून ठेवला. दहा दिवसांचं काम तीन दिवसांत उठवलं. आमच्या घराण्यातला हट्ट आहे तो. थोडा माझ्याकडून गेलाय.

पाचव्या आठवड्यात तिने मला वर बोलावलं. टेबलावर लॅपटॉप उघडा.

"दादा, बस. तू पालक आहेस. मुलाचा प्रवेश घ्यायला आलायस. फॉर्म भर. मी काही सांगणार नाही."

"माझा मुलगा तीन मुलांचा बाप आहे."

"भर म्हटलं ना."

मी चष्मा लावला. एका बोटाने का होईना, मी मोबाइलवर लोखंडाची ऑर्डर देतो, मला कमी समजू नका. मुलाचं नाव टाकलं. जन्मतारीख टाकली. पुढे 'वडिलांचं नाव', शेजारी लाल चांदणी. मी तो रकाना रिकामा सोडला आणि पुढे जायला गेलो. जाईना. पुन्हा दाबलं. रकाना लाल झाला. खाली अक्षरं आली: 'हे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.'

"दादा, भर की ते."

"काय भरू?"

"वडिलांचं नाव."

"वडील नाहीत. हिला मीच आणलंय."

खरं सांगतो, मी मुद्दाम बोललो नाही. तोंडातून तेच वाक्य गेलं. टाचणी माझ्या मागे उभी होती. मग लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"मी कागदावरचा फॉर्म जसाच्या तसा उतरवलाय," ती म्हणाली. "रकान्याला रकाना."

"मग चुकलं कुठं?"

"कागदावर मी रेघ मारते ना रे! बावीस वर्षं मारतेय. आजी आली, मामा आला, आश्रमाच्या बाई आल्या, की हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो. रेघ मारते, वर लिहिते. ते फॉर्ममध्ये कुठं छापलेलंच नाही, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही." तिने कपाळावर हात मारला. "इथं रेघ कुठं मारायची?"

"चांदणी काढून टाक."

"काढली तर रकाना रिकामा राहील. रिकामा रकाना म्हणजे तूच नव्हतास असं होईल."

हे मला आठवी शिकलेल्यालाही समजलं.

पुढचे सहा दिवस ती त्या एका रकान्यामागे लागली. धडेवाल्याकडे ते नव्हतं. दुसरे धडे शोधले, कुणा अनोळखी लोकांना प्रश्न लिहून विचारले, त्यांची उत्तरं वहीत उतरवली. शनिवारच्या आदल्या संध्याकाळी मला पुन्हा बसवलं. आता पहिलाच प्रश्न होता: 'मुलाला शाळेत कोण घेऊन आलंय?' खाली यादी. आई, वडील, आजी, आजोबा, मामा, काका, मावशी, आत्या, मोठी बहीण, थोरला भाऊ, संस्थेच्या बाई, आणि शेवटी 'दुसरं कोणी, इथं लिहा'. मी थोरला भाऊ निवडलं. पुढच्या पानावर वडिलांचा रकाना नव्हताच. तिथं लिहिलं होतं 'थोरल्या भावाचं नाव'. मी माझं नाव टाकलं. फॉर्म सरसर पुढे गेला.

"कसा आहे?"

"ठीक आहे," मी म्हटलं. तिची चहाची कपबशी उचलली आणि जिना उतरलो.

शनिवारी मला गेटची बिजागरी बघायला शाळेत जावं लागलं. ती कुरकुरत नव्हती, पण वेळच्या वेळी तेल घातलेलं बरं. बिजागरीपाशी उभं राहिलं की समितीच्या खोलीची खिडकी सरळ दिसते आणि ऐकूही येतं.

कंपनीवाला टाय घालून आला होता. त्याचं काम चकचकीत होतं, मी नाही म्हणणार नाही. भिंतीवर रंगीत चित्रं, फिरणारे आकडे. अध्यक्ष मान डोलवत होते. त्याचं झाल्यावर टाचणी उठली. तिच्या हातात कपाटातले तीन जुने फॉर्म होते, त्यांतल्या नावांवर तिने कोरा कागद चिकटवला होता. कोणाचं काही उघडं पडू द्यायची नाही ती.

"माझं दाखवायच्या आधी एक विनंती," ती म्हणाली. "हे तीन प्रवेश तुमच्या फॉर्ममध्ये भरून दाखवता का?"

"एका मिनिटात, मॅडम."

पहिला फॉर्म आजीने भरलेला. कंपनीवाल्याच्या रकान्यालाही लाल चांदणी होती. तो अडकला. हसला. "इथं नंतर बदल करता येईल," म्हणाला आणि काहीतरी टाकून पुढे गेला.

"काय टाकलंत?" टाचणीने विचारलं.

"टिंब टाकलं. सिस्टिमला काहीतरी लागतं."

"या मुलाला जिने वाढवलं, ती आजी कुठं गेली?"

"मॅडम, अशा केसेस किती असतात?"

"गेल्या वर्षी एकशे दहा प्रवेशांत चौदा. चौदा टिंबं. दुपारी गेटवर आजी आली तर मूल कोणाच्या हातात द्यायचं, ते तुमचं टिंब सांगणार का?"

अध्यक्षांनी तिसरा फॉर्म उचलला. नाव झाकलेलं होतं, पण रेघ दिसत होती, लाल पेन्सिल दिसत होती, आणि खाली एक वाकडीतिकडी सही. तेलाचा डबा माझ्या हातात तसाच राहिला. चाळीस वर्षांनीही ती सही मी गेटपासून ओळखली.

"हा कोणाचा?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझा," टाचणी म्हणाली. "आता माझा फॉर्म बघा."

तिचं पान साधं होतं. फिरणारं काही नव्हतं. तिने लॅपटॉप अध्यक्षांपुढे सरकवला आणि तिन्ही प्रवेश त्यांनाच भरायला लावले. त्यांनी माझ्यासारखेच एका बोटाने भरले. एकदाही अडकले नाहीत. मग मुख्याध्यापकांना म्हणाले, "ऑफिस आहे तसंच राहू द्या." कंपनीवाल्याला म्हणाले, "तुम्ही चहा घेऊन जा."

टाचणी बाहेर आली. मला बघितलं, डबा बघितला.

"दादा, तुला येऊ नको म्हटलं होतं."

"मी बिजागरीसाठी आलोय."

"बिजागरी कुरकुरत नाही."

"तेल घातल्यावर कशी कुरकुरेल?"

ती हसली. तेव्हा कुठं मला कळलं की सहा आठवड्यांत ही पोरगी हसलीच नव्हती. मग म्हणाली, "चल, आता आलाच आहेस तर एक काम कर. माझी खुर्ची डगमगते. मागचा डावा पाय."

मी मशीन आणलं. शाळा उघडायच्या आत तो पाय वेल्ड केला, वर जाड पट्टीही लावली. आता कोणीही यावं आणि ती खुर्ची हलवून दाखवावी.